कात्रण, नोंद आणि नाव : भिलाईतील मराठी कुटुंबांच्या वंशशोधाचे तौलनिक स्वरूप

घराण्याचा पूर्ववृत्तांत शोधण्याचे काम मराठीला नवे नाही. तीर्थक्षेत्रींच्या उपाध्यायांकडील नामावळी आणि हेळव्यांच्या मुखी असलेल्या वंशावळी ही त्याची जुनी साधने. विसाव्या शतकात त्यांत मुद्रित कुलवृत्तांतांची भर पडली. आपटे, गोखले, बापट, लिमये अशा अनेक घराण्यांचे वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. या सर्व साधनांमागे तीन गृहीतके आहेत : मूळ गाव ठाऊक आहे, व्यवहाराची भाषा एकच आहे आणि कुळाचे नाव पिढ्यानपिढ्या ओळखता येण्याजोगे राहिले आहे. छत्तीसगढमधील भिलाई येथे पोलाद कारखान्याच्या निमित्ताने स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत ही तिन्ही गृहीतके डळमळीत होतात. या कुटुंबांचा भूतकाळ मराठी वृत्तपत्रांची कात्रणे, हिंदी महसुली व शालेय नोंदी आणि इंग्रजी सेवापुस्तके यांत विभागला गेला आहे. या कागदांतून वावरणारा माणूस एकच आहे हे ठरवण्यासाठी भाषा, लिपी आणि लेखनप्रकार यांची तुलना करावी लागते. म्हणूनच भिलाईतील वंशशोध हा इतिहासाइतकाच तौलनिक वाचनाचा विषय ठरतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

स्थलांतराचे तीन थर

छत्तीसगढमधील मराठी वस्ती एकाच काळातील नाही. पहिला थर नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीचा. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूरचे राज्य भोसल्यांच्या प्रभावाखाली आले. पुढे बिंबाजी भोसले रतनपुरास राहून १७८७ मधील मृत्यूपर्यंत कारभार पाहत होते. मोडी लिपीतील दफ्तर, विजयादशमीस सोने वाटण्याची चाल आणि रामटेकडीवरील राममंदिर या गोष्टी त्या काळाशी जोडल्या जातात. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची रचना झाली. दुसरा थर या प्रांतिक काळातला. कचेऱ्या, शाळा, वकिली, मालगुजारी, १८८० च्या दशकात नागपूरकडून पूर्वेस सरकत गेलेली रेल्वे आणि राजनांदगावची कापडगिरणी यांच्या आश्रयाने मराठी भाषक छत्तीसगढात आले. तिसरा थर भिलाईच्या पोलाद कारखान्याचा. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

संशोधकाच्या दृष्टीने हे थर वेगळे ठेवणे अगत्याचे आहे. पहिल्या थरातील कुटुंबाचा माग मोडी दफ्तरात व नागपूर रेसिडेन्सीच्या कागदपत्रांत लागण्याची शक्यता असते. दुसऱ्याचा प्रांतिक राजपत्रांत, बंदोबस्ताच्या मिसलींत आणि नागपूरच्या वृत्तपत्रांत. तिसऱ्याचा सेवापुस्तकांत आणि रायपूर-नागपूरच्या दैनिकांत. एकाच आडनावाची दोन कुटुंबे भिलाईच्या एकाच सेक्टरमध्ये राहत असूनही वेगवेगळ्या थरांतील असू शकतात. केवळ आडनावाच्या साम्यावरून त्यांचा संबंध जोडल्यास सारी वंशावळ चुकीच्या वाटेने जाते.

दोन भाषांतील एक घर

या प्रदेशात मराठी कुटुंब आणि हिंदी साहित्य यांचा संबंध इतका जवळचा आहे की एकाच भाषेतील साधने तपासणाऱ्यास निम्मेच घर दिसते. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) हे मराठी कुटुंबातील. १९०० मध्ये पेंड्रा येथून त्यांनी रामराव चिंचोलकरांसह ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. वामन बळीराम लाखे हे त्याचे प्रकाशक. संपादक-प्रकाशकांची ही तिन्ही नावे मराठी असली, तरी त्यांचे कार्य प्रामुख्याने हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात नोंदले गेले आहे.

त्याहून बोलके उदाहरण मुक्तिबोध बंधूंचे. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) हिंदीतील श्रेष्ठ कवी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध (१९२१–१९८४) मराठीतील कवी व समीक्षक. गजानन मुक्तिबोध नागपूर सोडून १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक झाले. राजनांदगाव हा स्वतंत्र जिल्हा १९७३ मध्ये झाला. तोपर्यंत ते दुर्ग जिल्ह्यातच होते. त्यांच्या राजनांदगावातील वास्तव्याच्या प्रशासकीय नोंदींवर म्हणून जिल्हा दुर्ग असणार, तर त्यांच्या भावाचा साहित्यिक वृत्तांत मराठी नियतकालिकांत सापडणार. हे घराणे प्रसिद्ध असल्याने दोन्ही बाजू आज एकत्र वाचता येतात. कारखान्यातील फिटर, शाळेतील शिपाई किंवा रेल्वेतील खलाशी यांच्या घरांनाही हीच द्विभाषिकता लागू असते, मात्र तेथे दोन बाजू सांधून देणारा चरित्रकार नसतो.

अठरा दिवस

भिलाईच्या मराठी कुटुंबांच्या कागदपत्रांतील सर्वांत मोठा सांधा १९५६ च्या शरद ऋतूत आहे. कारखान्याचा करार झाला तेव्हा दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्या जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही राज्यभाषा होत्या. भंडाऱ्याहून भिलाईला येणारा मजूर त्या वेळी राज्य ओलांडत नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिले. गाव एका राज्यात, नोकरी दुसऱ्या राज्यात अशी स्थिती एका रात्रीत निर्माण झाली. तत्पूर्वी अठराच दिवस आधी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला होता.

विदर्भातून आलेल्या अनेक पूर्वाश्रमीच्या महार कुटुंबांच्या दृष्टीने या अठरा दिवसांत धर्माचे नाव, राज्याचे नाव आणि पुढील नोंदींची भाषा या तिन्ही गोष्टी बदलल्या. आजोबांच्या जन्मनोंदीत जात ‘महार’, भाषा मराठी आणि जिल्हा भंडारा. मुलाच्या शाळेच्या दाखल्यात धर्म ‘बौद्ध’, भाषा हिंदी आणि जिल्हा दुर्ग, असे चित्र दिसते. त्यातच १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया, तर २०१२ मध्ये दुर्गातून बालोद व बेमेतरा हे जिल्हे वेगळे झाले, आणि २००० मध्ये छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले. कुटुंब जागचे हलले नाही तरी त्याचा पत्ता बदलत राहिला.

कात्रणाचे वाचन

कात्रण म्हणजे मूळ संदर्भातून बाहेर काढलेला मजकूर. कापणाऱ्याच्या लेखी महत्त्व असते ते आप्ताच्या नावाला. वृत्तपत्राचे नाव, तारीख आणि पृष्ठ बहुधा कात्रीच्या बाहेर राहतात. त्यामुळे वाचनाचा आरंभ कात्रणाच्या मागील बाजूपासून करणे श्रेयस्कर. मागे जाहिरात असेल आणि किंमत आण्यांत असेल तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची किंवा त्यानंतरच्या संक्रमणकाळातील. ‘नवे पैसे’ हा शब्द असेल तर १९५७ ते १९६४ हा काळ संभवतो, कारण १ जून १९६४ पासून ‘नवे’ हे विशेषण गळाले. मजकुरात नागपूरचा उल्लेख मुंबई राज्यातील शहर म्हणून असेल तर तो नोव्हेंबर १९५६ ते एप्रिल १९६० यांमधला ठरतो. ‘द्रुग’ हे ‘दुर्ग’चे जुने रूपही कालनिर्णयास साहाय्यक होते.

यानंतर लेखनप्रकाराचा विचार येतो. मराठी दैनिकातील निधनवार्ता ठरावीक साच्यात चालते : नाव, वय, व्यवसाय, अंत्यसंस्काराचे स्थळ आणि शेवटी पश्चात उरलेल्या आप्तपरिवाराची गणती. या गणतीत मुलींची संख्या येते, नावे क्वचितच येतात. सभेच्या वृत्तात उपस्थितांची नावे असतात, पण ती प्रतिष्ठेच्या क्रमाने. परीक्षेच्या निकालात नाव असते, नाते नसते. मात्र नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले आणि सागर विद्यापीठ १९४६ मध्ये निघेपर्यंत मध्य प्रांतातील महाविद्यालयांचे उच्च शिक्षण त्याच्याशी बांधलेले होते, हे ध्यानी घेतल्यास रायपूरच्या विद्यार्थ्याचा शोध नागपूरच्या पत्रांत का घ्यावा हे समजते. नावबदलाची जाहिरात आकाराने सर्वांत लहान, पण जुने व नवे रूप एकाच वाक्यात देत असल्याने वंशशोधकास सर्वांत उपकारक.

दलित कुटुंबांच्या बाबतीत मुख्य प्रवाहातील वृत्तपत्रे फारशी उपयोगी पडत नाहीत. निधनवार्ता छापून आणण्याइतकी ऐपत व ओळख फार थोड्यांना होती. तेथे चळवळीची पत्रे पाहावी लागतात. किसन फागू बनसोडे यांनी नागपुरातून चालवलेली ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’ आणि ‘मजूर पत्रिका’ ही पत्रे, डॉ. आंबेडकरांचे १९३० मध्ये सुरू झालेले ‘जनता’ आणि १९५६ मध्ये त्याचे झालेले रूपांतर ‘प्रबुद्ध भारत’ यांचा या दृष्टीने विचार व्हावा. परिषदांचे व सभांचे वृत्तांत, वर्गणीदार आणि कार्यकर्ते यांच्या उल्लेखांतून ज्यांची नावे अन्यत्र छापली गेली नाहीत अशी माणसे येथे भेटू शकतात. मृत्यूच्या निमित्ताने नव्हे, तर कृतीच्या निमित्ताने नाव छापले जाणे हा या पत्रांचा विशेष होय.

नोंदीचे वाचन

कात्रणात कुटुंबाने किंवा समाजाने निवडलेला प्रसंग असतो. नोंदीत शासनाची गरज असते. मध्य प्रांताच्या एकसंध प्रशासनामुळे विदर्भ आणि छत्तीसगढ येथील नोंदींची परिभाषा आजही एकमेकांच्या जवळची आहे. विदर्भात ‘कोतवाल पंजी’ किंवा ‘कोतवाल बुक’ म्हटले जाते, छत्तीसगढात ‘कोटवारी पंजी’. बंदोबस्ताची ‘मिसल’ आणि ‘अधिकार अभिलेख’ हे शब्द दोन्हीकडे चालतात. महाराष्ट्राच्या अन्य भागांतून आलेल्या संशोधकाला ही शब्दावली अपरिचित वाटते, म्हणून नोंद मागताना स्थानिक संज्ञाच वापरणे हिताचे.

कोतवाल पंजीचे स्वरूप समजून घेतल्याविना तिचा अर्थ लागत नाही. गावातील जन्म-मृत्यूची खबर ठाण्यात पोचवणे हे कोतवालाचे काम. ही चाकरी पुष्कळ गावी महार, पनका, गांडा अशा जातींकडे असे. खबर देणारा एक, लिहिणारा दुसरा अशी ही व्यवस्था होती. जन्माची खबर बारशापूर्वी जात असल्याने अनेक नोंदींत बालकाचे नाव नसते. पित्याचे नाव, जात, लिंग आणि तारीख एवढेच असते. पुढे शाळेत घालताना नाव येते, पण जन्मतारीख पुष्कळदा अंदाजाने लिहिलेली असते. म्हणजे एका नोंदीत विश्वसनीय तारीख आहे पण नाव नाही, आणि दुसरीत नाव आहे पण तारीख संशयास्पद आहे. दोन्ही एकत्र वाचल्यावरच एक माणूस उभा राहतो.

स्त्रियांचा शोध याहून कठीण. मराठी रीतीने विवाहानंतर आडनाव, मधले नाव आणि काही समाजांत पहिले नावही बदलते. हिंदी कागदात तीच स्त्री नावापुढे ‘बाई’ लावून केवळ पतीच्या नावाने ओळखली जाते. माहेरचा दुवा अशा वेळी लग्नपत्रिकेत, महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेत किंवा शाळेच्या प्रवेशवहीत सापडतो. कारखान्यातील कर्मचाऱ्याच्या भविष्य निर्वाह निधीच्या नामनिर्देशनपत्रात पत्नीचे नाव व वय असते. कित्येकदा तिच्या नावाचा तो एकमेव शासकीय पुरावा ठरतो.

नाव, लिपी आणि तिथी

नाव मोडीतून देवनागरीत, मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून रोमन लिपीत जाते तेव्हा प्रत्येक टप्प्यावर त्याची काही वैशिष्ट्ये लोपतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द तोडून लिहिण्याची रीत नाही. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही, म्हणून ‘काळे’चे ‘काले’ आणि ‘पळसकर’चे ‘पलसकर’ होते. ‘ड’खाली नुक्ता आल्याने ‘गायकवाड’चे ‘गायकवाड़’ होते. ‘बनसोड’, ‘बन्सोड’, ‘बंसोड’ ही एकाच घरातील तीन पिढ्यांची रूपे असू शकतात. रोमन लिपीतील सेवापुस्तकावरून पुन्हा देवनागरीत नाव उतरवताना ‘काळे’ आणि ‘काले’ यांतील निवड लिपिकाच्या मातृभाषेवर अवलंबून राहते.

तिथीचा प्रश्नही असाच. महाराष्ट्रात महिना अमान्त, छत्तीसगढात पौर्णिमान्त. शुक्लपक्षात फरक पडत नाही. कृष्णपक्षात महिन्याचे नाव बदलते. मराठी कात्रणातील ‘श्रावण वद्य अष्टमी’ आणि हिंदी कागदातील ‘भाद्रपद कृष्ण अष्टमी’ हा एकच दिवस आहे. हे न जाणणारा वाचक एका मृत्यूचे दोन मृत्यू करून बसेल. वर्षाचेही तसेच : भिलाईच्या झोतभट्टीच्या उद्घाटनाचा दिवस मराठी गणनेने शके १८८०, तर हिंदी पट्ट्यातील गणनेने संवत २०१५ मध्ये पडतो.

समुद्रापार गेलेल्या मराठी माणसांचा अनुभव याहून वेगळा नाही. मॉरिशसमध्ये महात्मा गांधी इन्स्टिट्यूटने जतन केलेल्या करारबद्ध मजुरांच्या नोंदींत नावे लिपिकाच्या कानाला जशी ऐकू आली तशी रोमन लिपीत उतरली आहेत. तेथील वंशजांना गावाचे नाव ओळखण्यासाठी आधी ध्वनी ओळखावा लागतो. भिलाई व मॉरिशस यांतील अंतर मोठे असले तरी वाचनाची समस्या एकाच जातीची आहे.

सिद्धतेचा भार

या वाचनावर काय अवलंबून आहे, हे पाहिले म्हणजे त्याचे गांभीर्य लक्षात येते. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० या दिवशी पूर्वज कोठे राहत होता आणि कोणत्या जातीचा होता, हे दाखवावे लागते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान मिळाले, तरी वंशजाला ‘बौद्ध’ या नोंदीमागची ‘महार’ ही नोंद शोधावीच लागते. जो शब्द टाकून देण्यासाठी आजोबांनी दीक्षा घेतली, तोच नातवाने कागदावरून शोधून आणावा, असा हा पेच आहे. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची कार्यपद्धती आखून दिली आणि छत्तीसगढने २०१३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. जुनी नोंद पुराव्यात सर्वांत वजनदार मानली जाते. परंतु त्या नोंदीत ‘काळे’ आणि दाखल्यात ‘काले’ असेल, तर संशयाचे निराकरण कुटुंबालाच करावे लागते. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचकांची निकड सर्वांना जाणवली. लिपी वाचता येणे हा केवळ विद्वत्तेचा प्रश्न नसून हक्काचाही प्रश्न असू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

पाठचिकित्सेची पद्धत

अशा वेळी तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचे ज्ञान उपयोगी पडते. संत-साहित्याच्या हस्तलिखितांना लावली जाणारी पाठचिकित्सेची शिस्त येथेही लागू करता येईल. प्रत्येक कागद ही एक प्रत. नावाची भिन्न रूपे हे पाठभेद. सत्यप्रत ही नकल, आणि नकलेत लिपिकाचा प्रमाद संभवतो. कोणता कागद कोणत्या कागदावरून उतरला हे आधी ठरवावे. शाळेचा दाखला, त्यावरून सेवापुस्तक आणि त्यावरून ओळखपत्र अशी साखळी असेल, तर हे तीन पुरावे नसून एकच पुरावा आहे. उलट, परस्परांची माहिती नसलेले कात्रण आणि मिसल जुळत असतील, तर ते साक्ष्य बलवान ठरते. नावाच्या साम्यापेक्षा नाव, गाव, पित्याचे नाव आणि काळ या चौकडीचे साम्य अधिक ग्राह्य मानावे. कागद परस्परांशी विसंगत असतील तर एक रूप शुद्ध मानून दुसरी खोडण्याऐवजी प्रत्येक रूप कोणत्या लिपीत, कोणाच्या हातून आणि कशासाठी लिहिले गेले याची टीप ठेवावी.

या पद्धतीची सुरुवात लहान कामांपासून होऊ शकते. विदर्भ-छत्तीसगढ सीमेवरील आडनावांच्या मराठी, हिंदी व रोमन रूपांची तुलनात्मक सूची, मध्य प्रांतातील महसुली संज्ञांचा द्विभाषिक कोश आणि महाराष्ट्र मंडळांच्या स्मरणिकांची सूची ही कामे विद्यापीठीय विभागांच्या आवाक्यातील आहेत. मराठी कुटुंबांकडूनही एक गोष्ट अपेक्षिता येईल : ट्रंकेत जपलेल्या प्रत्येक कात्रणाच्या पाकिटावर वृत्तपत्राचे नाव, तारीख आणि त्यातील माणसाचे कुटुंबाशी असलेले नाते पेन्सिलीने लिहून ठेवणे. कारखान्याच्या पहिल्या भरतीतील पिढी झपाट्याने मावळत चालली आहे, आणि ‘काळे’ व ‘काले’ एकच आहेत हे कागदाविना सांगू शकणारी माणसे तीच आहेत.